इंग्रजी घेऊन पदवी करताना: वाचन, निबंध आणि पुढच्या कामाच्या वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी साहित्य घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचायची यादी कधीच संपत नाही, निबंधावर ‘वर्णन पुरे, विश्लेषण करा’ असा शेरा येतो, आणि घरचे विचारतात की शिक्षकी पेशा सोडला तर यातून पुढे काय. आत्तापासून काय करावं?

या तिन्ही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून उत्तरही सलगच देतो.

वैद्यक किंवा स्थापत्यशास्त्र शिकलेल्या माणसाच्या पदवीतच त्याच्या कामाचं नाव असतं. इंग्रजीच्या पदवीत ते नसतं. म्हणून ते दाखवावं लागतं, आणि दाखवायला हातात काहीतरी लागतं: दुरुस्त केलेला मजकूर, केलेलं भाषांतर, घेतलेला तास, लिहिलेली माहितीपुस्तिका. ‘माझं वाचन भरपूर आहे’ हे कोणाला तपासता येत नाही. ‘हा मूळ मजकूर, ही माझी दुरुस्ती, आणि प्रत्येक बदलामागचं कारण हे’ एवढं मात्र समोरचा माणूस पाच मिनिटांत तपासू शकतो. पदवीच्या काळात प्रत्येक सत्रात असं एक काम पुरं करायचं, एवढा एकच निश्चय केला तरी शेवटच्या वर्षाची घालमेल निम्म्याने कमी होते. पण त्या कामाची धार वर्गातल्या वाचनातूनच येते, म्हणून आधी वाचन.

यादी का संपत नाही याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी 3 लाखांहून अधिक शब्दांची आहे. मिनिटाला 250 शब्दांच्या वेगाने ती 20 तासांत होते. इंग्रजी मातृभाषा नसेल आणि वाक्यं लांब असतील तर वेग 150 वर येतो आणि तेच काम 33 तासांचं होतं. 20 दिवस हातात असले तर रोज पावणेदोन तास. हा आकडा पहिल्या दिवशी कागदावर असला तर कादंबरी वाचून होते. नसला तर शेवटच्या तीन रात्रींत सारांश वाचून वेळ मारून नेली जाते. सत्र सुरू होताच प्रत्येक पुस्तकातल्या एका पानावरचे शब्द मोजा, पानांनी गुणा, आपला वेग घड्याळ लावून 10 मिनिटं तपासा आणि तास काढा. दोन लांब कादंबऱ्या एकाच आठवड्यात येत असतील तर एक सुट्टीतच सुरू करावी लागेल, हे तेव्हाच कळतं.

वेगाइतकाच घोटाळा टिपणांत होतो. बहुतेक जण कथानक टिपून ठेवतात, आणि मग निबंधातही कथानकच उतरतं. ‘वर्णनात्मक’ हा शेरा बऱ्याचदा निबंध लिहिताना नाही, टिपणं काढतानाच ओढवून घेतलेला असतो. प्रत्येक प्रकरण संपलं की वही उघडून तीनच ओळी लिहा: या प्रकरणात वाचकापासून काय लपवून ठेवलं, कोणता शब्द किंवा वस्तू पुन्हा पुन्हा आली, आणि कथन कोणाच्या नजरेतून चाललं होतं (ती नजर मध्येच बदलली का?). सोबत पान क्रमांक. कथानक पुस्तकात आहेच, ते वहीत पुन्हा लिहून काही हाती लागत नाही.

कवितेच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक होते ती व्याकरण ओलांडून थेट ‘अर्था’वर उडी मारण्यात. आधी वाक्य शोधा. कर्ता कोण, क्रियापद कोणतं, ते कितव्या ओळीत येतं? सतराव्या शतकातल्या कवितेत कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद पाचव्या ओळीत असं सर्रास सापडतं, आणि त्या चार ओळींची ताटकळ हाच कवितेचा परिणाम असतो. मग मोठ्याने वाचा आणि वाक्य कुठे थांबतं, ओळ कुठे तुटते, याच्या खुणा करा. प्रतिमा, सूर, संदर्भ हे त्यानंतर. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स यांनी 1920 च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय 1929 मध्ये प्रसिद्ध केले. चांगली तयारी असलेले विद्यार्थीही कवितेचा साधा, सरळ अर्थ लावताना अडखळले होते, ठरीव भावना कवितेवर लादत होते. आजही तसंच होतं. हा प्रयोग चार मित्रांत दर आठवड्याला करता येतो: एकाने नाव झाकून 14 ओळी आणायच्या, बाकीच्यांनी आधी फक्त वाक्याचा अन्वय सांगायचा.

आता निबंध. परीक्षक ‘विश्लेषण’ म्हणतो तेव्हा त्याला ज्याच्याशी असहमत होता येईल असं विधान हवं असतं. फरक जवळून पाहा. समजा एखाद्या कादंबरीत नायिकेची पत्रं मधूनमधून येतात.

‘या कादंबरीत पत्रांना महत्त्वाचं स्थान आहे.’ हे कोणी नाकारणार नाही, म्हणून यावर 2000 शब्द लिहिता येत नाहीत. लिहिले तर ती पत्रांची यादी होते.

‘पत्रांतून नायिकेचं मन उघड होतं.’ थोडं पुढे गेलं, पण हे कुठल्याही कादंबरीतल्या कुठल्याही पत्राला लागू पडतं.

‘नायिका खरं बोलते ती संवादांत; पत्रांत ती समोरच्याला हवं तेच लिहिते, आणि म्हणून शेवटचं न पाठवलेलं पत्र हे तिचं पहिलं प्रामाणिक पत्र ठरतं.’ इथे वाद घालता येतो. पुरावा कुठे शोधायचा हेही कळतं: संवाद आणि पत्रं शेजारीशेजारी ठेवून एकाच प्रसंगाबद्दल ती काय बोलते आणि काय लिहिते ते पाहायचं. मधले परिच्छेद आपोआप ठरतात.

असं विधान पहिल्या मसुद्याच्या सुरुवातीला क्वचितच सापडतं. ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात, लिहितालिहिता हाती लागतं. म्हणून 2000 शब्दांच्या निबंधाला तीन आठवडे धरा: पहिला आठवडा पुन्हा वाचन आणि उतारे निवडणं, दुसऱ्यात रोज 500 शब्दांचा कच्चा मसुदा, आणि मग शेवटचा परिच्छेद उचलून सुरुवातीला ठेवून तिसऱ्या आठवड्यात सगळं नव्याने. दुसऱ्या मसुद्यावर एक कसोटी लावा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी समासात त्याचं म्हणणं एका ओळीत लिहा. दोन परिच्छेदांची ओळ एकच आली तर एक काढा. ओळ ‘इथे अमुक घडतं’ अशी आली तर तो परिच्छेद अजून वर्णनच आहे. उतारे एकूण शब्दांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नकोत, आणि उतारा दिला की त्यातल्या किमान एका शब्दाबद्दल काहीतरी बोलायलाच हवं. न बोलता सोडलेला उतारा म्हणजे भरती.

संदर्भ देण्याची पद्धत विभागाकडून लेखी विचारून घ्या. साहित्यात बहुतेक ठिकाणी एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत) चालते, तिची नववी आवृत्ती 2021 ची आहे. मजकुरात कंसात आडनाव आणि पान क्रमांक, मध्ये स्वल्पविराम नाही. शेवटी यादी आडनावाच्या वर्णक्रमाने, दुहेरी ओळअंतर, प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत. हे किरकोळ वाटतं, पण पुढे प्रकाशन संस्थेत किंवा नियतकालिकात हेच काम हातात येतं आणि ज्याला ते डोळ्यांनी पटकन दिसतं त्याची गरज लागते. वाङ्मयचौर्याच्या बहुतेक तक्रारी मुद्दाम केलेल्या चोरीच्या नसतात. त्या टिपणातल्या गफलतीतून येतात: उतारा वहीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला असतो आणि महिन्याने तो स्वतःचाच वाटतो. दुसऱ्याचे शब्द वेगळ्या शाईने लिहायचे, एवढीच खबरदारी पुरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ही साधनं अस्तित्वात नसलेले लेख, खरे वाटणारे पान क्रमांक आणि कधीच न लिहिलेली अवतरणं बिनदिक्कत देतात. संदर्भ ग्रंथालयात किंवा मूळ नियतकालिकात डोळ्यांनी पाहिला नसेल तर तो वापरू नका. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या पदवीत जे कसब कमवायचं ते वाईट मसुदा चांगला करतानाच येतं. मसुदाच दुसऱ्याने लिहिला तर शुल्क भरून शिकायचं तेच राहून जातं, आणि पुढच्या नोकरीत नेमकं यंत्राने लिहिलेलं तपासायचं काम आलं की चूक दिसत नाही.

आणखी एक: भाषाविज्ञान, ध्वनिविचार आणि व्याकरणाचे पेपर ‘रुक्ष’ म्हणून टाळू नका. कामाच्या बाजारात या पदवीतला सगळ्यात थेट उपयोगी भाग तोच. उच्चार शिकवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी यावीच लागते. संपादकाला कर्मणी प्रयोग का खटकतो ते नियमाने सांगता यावं लागतं. भाषेच्या इतिहासातून मिळणारी उत्तरंही वर्गात उपयोगी पडतात. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ का नाही, हा प्रश्न शिकणारा प्रत्येक जण विचारतो. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली आणि स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, पण त्याच काळात दीर्घ स्वरांचे उच्चार सरकत होते आणि ते पुढेही सरकत राहिले. म्हणून कागदावर जुनं रूप राहिलं आणि जिभेवर नवं. हे सांगितलं की शिकणाऱ्याचा भाषेवरचा राग कमी होतो.

कॉर्पस म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा संगणकात शोधता येणारा साठा. तो वापरायलाही याच वर्षी शिका. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटी शब्दांचा आहे. अँटकॉन्क हे मोफत साधन आपल्या संगणकावर उतरवून घेता येतं आणि त्यात आपलेच मागचे निबंध घालता येतात. स्वतःच्या 10 निबंधांत ‘व्हेरी’ किंवा ‘देअरफोर’ किती वेळा आलं ते पाहिलं की डोळे उघडतात. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांच्या बहुतेक चुका मोठ्या नियमांच्या नसतात. ‘डिस्कस अबाउट’ सारख्या जोड्या, ‘द’ लावायचा की नाही, कोणत्या क्रियापदासोबत कोणतं शब्दयोगी येतं, अशा त्या असतात. तपासून आलेल्या निबंधांतल्या अशा चुका एका वहीत उतरवा. साधारण 15 प्रकारांत सगळ्या बसतात. पुढचा निबंध देण्याआधी त्या 15 जागा एकेक करून शोधायच्या.

आता वाटा. आधी संपादन, कारण ते पदवीच्या सगळ्यात जवळ आहे आणि त्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत. संपादन हे एक काम नाही. संहितेची रचना बदलणं, वाक्यांवर काम करणं, व्याकरण आणि सुसंगती राखणारं प्रत-संपादन, आणि मांडणी झाल्यावरचं मुद्रितशोधन, ही चार वेगळी कामं आहेत. त्यांचे वेग, मोबदले आणि जबाबदाऱ्या वेगळ्या. नवखा माणूस मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर वाक्यं सुंदर करू लागतो, पानं सरकतात, सूची चुकते, आणि त्याला पुन्हा काम मिळत नाही. प्रत-संपादनाचा वेग मजकूर स्वच्छ असेल तर तासाला 2000 शब्दांपर्यंत जातो, गुंतागुंतीचा असेल तर 1000 वर येतो. याहून फार वेगाने होत असेल तर काहीतरी सुटतंय. तीन फेऱ्या करा: पहिली फक्त वाचण्यासाठी, दुसरी बदलांसाठी, तिसरी फक्त नावं, आकडे, तारखा आणि शीर्षकांसाठी. पहिल्याच फेरीत शैलीपत्रक सुरू करा, म्हणजे कोणत्या शब्दाचं कोणतं स्पेलिंग, आकडे अंकी की अक्षरी, कोणतं पात्र किती वर्षांचं, कोणत्या पानावर. सराव करायचा तर विभागाचा वार्षिक अंक, संशोधन करणाऱ्या वरिष्ठांचा प्रबंध, एखाद्या संस्थेचा अहवाल, काहीही चालेल. बदल वर्डमधल्या ‘ट्रॅक चेंजेस’मध्येच करा आणि शंका समासात प्रश्नरूपाने लिहा. ‘हे चूक आहे’ असं लिहिण्याऐवजी ‘पान 12 वर हे साल वेगळं आहे, कोणतं ठेवायचं?’ असं विचारा.

तांत्रिक लेखनाकडे इंग्रजीचे विद्यार्थी फिरकत नाहीत, आणि मला वाटतं तिथेच त्यांचं सर्वाधिक नुकसान होतं. यंत्रं, औषधनिर्मिती, सॉफ्टवेअर, बँका, सगळ्यांना सूचना लिहिणारी माणसं लागतात. अभियांत्रिकीची पदवी लागेलच असं नाही. प्रश्न विचारता यायला हवेत. उदाहरण म्हणून एक वाक्य घ्या:

‘फिल्टर स्वच्छ करण्यात आल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी झाकण घट्ट बसल्याची खात्री करून घेणं आवश्यक आहे.’

व्याकरण बरोबर आहे. पण यंत्रापुढे ओल्या हातांनी उभ्या असलेल्या माणसाला यातून क्रम कळत नाही, कोणी करायचं ते कळत नाही, आणि ‘घट्ट’ म्हणजे किती तेही कळत नाही. दुरुस्त रूप असं:

1. फिल्टर स्वच्छ करा.
2. झाकण बसवा आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबा.
3. झाकण हलवून पाहा. हललं तर काढून पुन्हा बसवा.
4. यंत्र सुरू करा.

‘खट्’ आवाज येतो हे मूळ वाक्यात नव्हतं. ते अभियंत्याला विचारून किंवा यंत्रापाशी उभं राहून मिळवावं लागतं. आणि विचारताना आणखी एक प्रश्न सुचायला हवा: फिल्टर काढण्याआधी वीज बंद करायची का? करायची असेल तर ती पहिली पायरी, आणि तिच्या आधी इशारा. इशारा कृतीनंतर छापला तर अपघात होऊन गेल्यावर वाचला जातो. कादंबरीत ‘लेखकाने काय लपवून ठेवलं’ हे शोधणारं मन इथे ‘सूचनेत काय राहून गेलं’ हे शोधतं. कसब एकच आहे.

या क्षेत्रात नियमही नेमके आहेत. विमान उद्योगातून आलेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ म्हणजे एएसडी-एसटीई100 या मानकानुसार कृती सांगणारं वाक्य 20 शब्दांपेक्षा लांब नको, वर्णनाचं वाक्य 25 पेक्षा नको, आणि एका वाक्यात एकच सूचना, अपवाद फक्त दोन कृती एकाच वेळी करायच्या असतील तर. डिटा नावाच्या पद्धतीत मजकूर ‘संकल्पना’, ‘कृती’ आणि ‘संदर्भ’ अशा तुकड्यांत लिहितात म्हणजे तेच तुकडे अनेक पुस्तिकांत वापरता येतात. शिकण्याचा क्रम: आधी मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मथळे, याद्या वगैरे दाखवण्याची लेखनपद्धत), ते एका दुपारी येतं. मग गिटची, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची, तोंडओळख. मग एखाद्या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पाची कागदपत्रं घेऊन स्थापनेच्या सूचना स्वतःच्या संगणकावर शब्दशः पाळून पाहा. जिथे अडकाल ती पायरी दुरुस्त करून पाठवा. अशा 5 दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या तर तो सगळ्यांना दिसणारा पुरावा होतो. अॅपमधली बटणं आणि त्रुटीसंदेश लिहिण्याचं काम याच वाटेवरचं पुढचं वळण. तिथे जागा तीन शब्दांची असते आणि ‘काहीतरी चुकलं’ एवढं लिहिणं पुरत नाही. काय चुकलं आणि आता काय करायचं, दोन्ही सांगावं लागतं.

शिकवणं. घरच्यांना तेवढंच माहीत असलं तरी ते कमी लेखू नका, फक्त कोणतं शिकवणं ते ठरवा. शाळेत शिकवायला जवळपास सगळीकडे अध्यापनाची वेगळी पात्रता लागते आणि तिचे नियम जागोजागी बदलतात. मोठ्या माणसांना परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्यासाठी केंब्रिजचा सेल्टा हा अभ्यासक्रम जगभर ओळखला जातो: किमान 120 तासांचा, त्यातले 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली. साहित्याचे विद्यार्थी तिथे अडखळतात ते बहुधा जास्त बोलल्यामुळे. 45 मिनिटांच्या तासात शिक्षकच 30 मिनिटं बोलला तर 12 जणांच्या वाट्याला सव्वा मिनिटच येतं. एखाद्या ओळखीच्या माणसाला 10 तास विनामोबदला शिकवून पाहा, प्रत्येक तासाची टाचणं ठेवा, पातळी ए1 ते सी2 या युरोपीय मापात नोंदवा. शिकवणं आपल्याला मानवतं की नाही ते शुल्क भरण्याआधी कळलेलं बरं.

भाषांतरात ज्याला दोन भाषा येतात त्याला वाटतं आपण तयार आहोत. परकीतून स्वतःच्या भाषेत आणणं हीच व्यवसायातली रूढ दिशा आहे, आणि इंग्रजीच्या अभ्यासात मातृभाषेचं लेखन गंजलेलं असतं. रोज मातृभाषेत 200 शब्द लिहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. भाषांतर सेवांच्या आयएसओ 17100 या मानकात भाषांतरकाराच्या पात्रतेचे तीन मार्ग दिले आहेत: भाषांतराची पदवी, किंवा दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी आणि 2 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा 5 वर्षांचा अनुभव. इंग्रजीवाले दुसऱ्या मार्गाचे. त्याच मानकानुसार प्रत्येक भाषांतर दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून पाहायला हवं, आणि ही ताडून पाहण्याची जागा नवख्याला शिकायला उत्तम. यंत्राने केलेलं भाषांतर दुरुस्त करण्याचं काम आता भरपूर आहे. त्यात धोका असा की वाक्य गुळगुळीत असतं आणि नेमका नकार गळालेला असतो. म्हणून आधी मूळ वाचायचं, मग यंत्राचं. उलट क्रमाने वाचलं की डोळा फसतो. सबटायटल्सचं गणित आणखी काटेकोर: नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमावलीत एका ओळीत जास्तीत जास्त 42 अक्षरं, फार तर 2 ओळी, आणि एक सबटायटल पडद्यावर 7 सेकंदांपेक्षा जास्त नाही. कवितेत ओळ कुठे तोडायची याचा विचार केलेल्या माणसाला इथे फायदा होतो, कारण विशेषण एका ओळीत आणि नाम दुसऱ्या ओळीत गेलं की वाचणारा अडखळतो.

संशोधन आणि विद्यापीठात शिकवणं याबद्दल थोडंच, पण ठामपणे: साहित्यातल्या कायम जागा डॉक्टरेट झालेल्यांच्या मानाने फार कमी आहेत. शिष्यवृत्ती किंवा वेतन मिळत असेल तरच डॉक्टरेट करा, स्वतःच्या खिशातून नको. मार्गदर्शक निवडताना त्यांची पुस्तकं पाहा, पण त्यांचे मागचे 5 विद्यार्थी किती वर्षांत पूर्ण झाले आणि आज कुठे आहेत, हेही विचारा.

कायदा, ग्रंथालयशास्त्र, जनसंपर्क, प्रशासन, मनुष्यबळ या वाटाही खुल्या आहेत. पहिल्या दोघांना पुढचं शिक्षण लागतं. बाकीच्यांत लेखन हे जोडकौशल्य ठरतं, म्हणून सोबत आकडेमोडीचं किमान एक साधन (स्प्रेडशीट तरी) नीट यायला हवं.

दुसऱ्या वर्षापासूनचा क्रम मी असा लावेन. या सत्रात चुकांची वही आणि एक संपादनाचं काम. पुढच्या सुट्टीत मार्कडाउन आणि एक सूचनापुस्तिका, किंवा 3000 शब्दांचं भाषांतर, दुसऱ्याकडून तपासून घेतलेलं. त्यानंतरच्या सत्रात 10 तास शिकवणं. तिन्ही केल्यावर कोणत्या कामात वेळेचं भान राहिलं नाही ते आठवा आणि शेवटच्या वर्षी त्याच दिशेची तीन मोठी कामं करा. सगळ्या वाटा शेवटपर्यंत खुल्या ठेवणारा विद्यार्थी अर्जात सगळीकडे सारखाच पुसट दिसतो.

अर्जातली ओळ कशी बदलते तेही पाहा. ‘उत्तम संवादकौशल्य, वाचनाची आवड’ ही ओळ समोरच्या ढिगातल्या प्रत्येक अर्जावर असते. त्याऐवजी: ‘विभागाच्या वार्षिक अंकाचं प्रत-संपादन: 14 लेख, 30 हजार शब्द, सामायिक शैलीपत्रक, मुद्रितशोधनाच्या 2 फेऱ्या.’ सोबत एकच पान जोडा: डावीकडे मूळ परिच्छेद, उजवीकडे दुरुस्त, खाली तीन बदलांची कारणं. मजकूर दुसऱ्याचा असेल तर त्याची परवानगी घ्या आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाका.

यानंतर बहुधा चाचणी येते, 500 ते 1000 शब्दांची. तिथे दोन गोष्टींवर उमेदवार गळतात. एक म्हणजे गरज नसलेले बदल: लेखकाचा शब्द बरोबर असताना तो फक्त आवडीखातर बदलणं. दुसरी म्हणजे शंका न विचारणं. चाचणीत मुद्दाम पेरलेली विसंगती असते, पहिल्या परिच्छेदात एक साल आणि चौथ्यात दुसरं, किंवा ‘चार कारणं’ म्हणून मोजली तर तीनच. ती गुपचूप दुरुस्त करू नका, कारण कोणतं बरोबर ते तुम्हाला माहीत नसतं. समासात प्रश्न लिहा, फाइलच्या नावात तुमचं आडनाव आणि तारीख घाला, आणि बदलांसह एक व बदल स्वीकारलेली स्वच्छ एक, अशा दोन प्रती पाठवा.